उघडे कार्ड आणि बंद लिफाफा : संकेतस्थळाची जोडणी कूटबद्ध केव्हा असावी?

विषयप्रवेश

शाळेच्या दप्तरातील पुष्कळशी कामे आता संगणकावर व मोबाइलवर होऊ लागली आहेत. यू-डायसच्या नोंदी, शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे, पोषण आहाराची दैनंदिन माहिती, शिक्षकांची वेतनविषयक कागदपत्रे ही सर्व निरनिराळ्या संकेतस्थळांवर भरावी लागतात. पूर्वी जनरल रजिस्टर लाकडी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांपाशी असे. आज त्याच रजिस्टरातील मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते हा मजकूर तारेतून व हवेतून दूरवर जातो. तो कोणत्या वाटेने जातो व वाटेत त्याचे रक्षण कसे होते, हे जाणून घेणे यास्तव शिक्षकाच्या कर्तव्याचाच भाग झाले आहे.

शाळाभेटीच्या वेळी या बाबतीत दोन मते वारंवार ऐकावयास मिळतात. पहिले असे की, "आमच्या शाळेच्या पानावर स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आणि सुट्ट्यांची यादी आहे; त्यात लपविण्यासारखे काय आहे?" दुसरे असे की, "पडद्यावर कुलपाचे चिन्ह दिसले, आता काळजी नको." ही दोन्ही मते अर्धवट खरी आहेत, आणि अर्धवट सत्यावर विसंबून केलेला व्यवहार फसतो. प्रस्तुत पाठात या दोहोंचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. जोडणीचे दोन प्रकार

संकेतस्थळाच्या पत्त्याचा आरंभ 'एचटीटीपी' किंवा 'एचटीटीपीएस' या अक्षरांनी होतो. शेवटच्या 'एस' या एका अक्षराचा फरक मोठा आहे. 'एस' नसलेली जोडणी उघडी असते. 'एस' असलेली जोडणी कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात बंद केलेली असते.

आपल्या जिल्ह्यातीलच उदाहरण घेऊ. नाशिक रोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात टपाल तिकिटे आणि टपालाचे साहित्य छापले जाते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. कार्डावरील मजकूर पेटीतून काढणारा, छाप मारणारा व घरी आणून देणारा असा कोणीही वाचू शकतो. म्हणून खुशाली कळविण्यास कार्ड आणि घरगुती अडचण कळविण्यास बंद पाकीट, असा भेद आपले वडीलधारे लोक न शिकविता पाळीत असत. उघडी जोडणी हे कार्ड होय. कूटबद्ध जोडणी हे पाकीट होय.

परंतु हा दृष्टान्त एका ठिकाणी अपुरा पडतो. कार्डावरील शाई पुसून नवा मजकूर लिहिला, तर खाडाखोड दिसते. उघड्या जोडणीतील मजकूर मात्र पाटीवर खडूने लिहिल्यासारखा असतो. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील शाळेतून निघालेला मजकूर गावचा मनोरा, कंपनीचे केंद्र, आणखी चार-सहा यंत्रे असा प्रवास करीत शेवटी संकेतस्थळाच्या संगणकापर्यंत पोचतो. या वाटेवरील कोणत्याही यंत्राचा चालक तो वाचू शकतो, आणि पुसून दुसराही लिहू शकतो. वाचणाऱ्यास खाडाखोड कधीच दिसत नाही.

२. रक्षण कशाकशाचे?

कूटबद्ध जोडणी तीन गोष्टींचे रक्षण करते. पहिली गुप्तता : मजकूर तिसऱ्याने वाचू नये. दुसरी अखंडता : मजकूर जसा निघाला तसाच पोचावा. तिसरी ओळख : आपण ज्याच्याशी बोलतो तो तोच आहे, याची खात्री असावी. पुष्कळ लोक पहिलीच गोष्ट ध्यानात घेतात, म्हणून "यात लपविण्यासारखे काय आहे?" हा प्रश्न उद्भवतो.

दुसरी गोष्ट समजण्यासाठी गंगापूर रोडने धरणाकडे जावे. गंगापूर धरणाचे पाणी शेतीला उघड्या कालव्याने जाते आणि नाशिक शहराच्या पिण्यासाठी बंद जलवाहिनीने येते. पाणी हे काही गुपित नव्हे. तरीही पिण्याचे पाणी बंद नळातून आणतात, ते वाटेत कोणी काही मिसळू नये म्हणून. सार्वजनिक माहितीचेही असेच आहे. परीक्षेचे वेळापत्रक गुप्त नसते. पण वाटेत त्यातील तारीख कोणी बदलली, तर मुलांची परीक्षा हुकेल. लसीकरणाचा दिवस गुप्त नसतो. पण त्या पानावर कोणी खोट्या औषधाची जाहिरात चिकटविली, तर शाळेच्या नावावर गाव तिच्यावर विश्वास ठेवील.

ही केवळ कल्पना नव्हे. २०१५ च्या जून महिन्यात बंगळूरच्या एका संगणकतज्ज्ञाने आपल्याच संकेतस्थळाची पाने तपासली, तेव्हा एका मोठ्या दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातून येताना त्या पानांत परका मजकूर घातला जात असल्याचे त्यास आढळले. पाने उघड्या जोडणीने येत होती, म्हणूनच हे शक्य झाले. तात्पर्य, मजकूर गुप्त नाही एवढ्यावरून तो उघड्या वाटेने पाठवावा असे सिद्ध होत नाही.

३. अनोळखी माणसाशी गुप्त बोलणे कसे साधते?

सांकेतिक लेखन आपल्या भाषेस नवे नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. लिपीची गुरुकिल्ली पंथातील लोकांपाशीच असल्यामुळे ग्रंथांचे रक्षण झाले. पण त्याचबरोबर मराठीच्या आरंभकाळातील हे थोर गद्य शेकडो वर्षे सामान्य वाचकास पारखे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, तेव्हा ते भांडार अभ्यासकांपुढे आले. कुलूप लावण्यास किंमत पडते, हा बोध येथे घ्यावा. पाचव्या भागात त्याचा उपयोग होईल.

सकळ लिपीत एक गोष्ट गृहीत होती : दोन्ही पक्षांनी किल्ली आधीच एकमेकांस सांगितलेली असे. संकेतस्थळावर तसे नसते. शिक्षक आणि दूरच्या शहरातील संगणक यांची पूर्वी गाठ पडलेली नसते. मग किल्ली सांगावयाची कशी? सांगताना ती वाटेतच कोणी ऐकली तर? या कोड्याचे उत्तर डिफी आणि हेलमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९७६ साली प्रसिद्ध केले. १९९५ च्या सुमारास नेटस्केप कंपनीने अशा प्रकारच्या युक्तीचा उपयोग करून संकेतस्थळांसाठी कूटबद्ध जोडणी प्रचारात आणली. तिच्यात पुढे सुधारणा होत गेल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेली टीएलएस १.३ ही आवृत्ती आज प्रचलित आहे.

वर्गात करावयाचा प्रयोग : इयत्ता सहावी-सातवीच्या मुलांना ही कल्पना दोन कुलपांनी दाखविता येते. गणितातील प्रत्यक्ष रीत निराळी आहे; पण मूळ कोडे यातून नीट उमगते. दोन कुलुपे बसतील अशी कडी असलेली पत्र्याची पेटी घ्यावी. पहिल्या बाकावरील मुलाने चिठ्ठी पेटीत ठेवून आपले कुलूप लावावे व पेटी हातोहात शेवटच्या बाकाकडे पाठवावी. तेथील मुलीने पेटी न उघडता स्वतःचे दुसरे कुलूप लावून ती परत पाठवावी. पहिल्या मुलाने आपले कुलूप काढून पेटी पुन्हा पाठवावी. आता पेटीवर केवळ त्या मुलीचे कुलूप आहे. ती ते उघडून चिठ्ठी वाचील. कोणाचीही किल्ली वर्गातून फिरली नाही आणि मधल्या कोणास चिठ्ठी वाचता आली नाही.

यानंतर प्रयोगाचा दुसरा भाग अवश्य करावा. मधल्या बाकावरील एका मुलाच्या हाती गुपचूप तिसरे कुलूप द्यावे. पेटी त्याच्यापाशी येताच त्याने स्वतःचेच कुलूप लावून ती परत फिरवावी. पहिला मुलगा भोळेपणाने आपले कुलूप काढील, पेटी पुन्हा मधल्याकडे येईल व तो चिठ्ठी वाचील. येथे मुलांना विचारावे : चूक कोठे झाली? थोड्या विचाराअंती उत्तर येते की, दुसरे कुलूप कोणाचे आहे हे पहिल्याने तपासले नाही.

हीच ती तिसरी गोष्ट, ओळख. तिच्यासाठी प्रमाणपत्राची योजना आहे. परगावचा विद्यार्थी शाळेत येतो तेव्हा आपण त्याच्या शब्दावर न विसंबता शाळा सोडल्याचा दाखला मागतो व त्यावरील सही-शिक्का पाहतो. संकेतस्थळही तसाच दाखला दाखविते. तो देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी ब्राउझरपाशी असते. दाखला खरा असेल तरच जोडणी मुकाट्याने होते. नसेल तर पडदाभर इशारा येतो.

दाखला देणारी संस्थाच चुकली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या देशातच घडले आहे. २०१४ च्या जुलै महिन्यात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-व्यवस्थेतून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलला आढळले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये नेमलेल्या नियंत्रकांनी त्या केंद्राची संबंधित प्रमाणपत्रे तत्काळ रद्द केली, आणि गूगलने भारतीय नियंत्रकांच्या छत्राखालील प्रमाणपत्रांची मान्यता आपल्या ब्राउझरमध्ये काही मोजक्या नावांपुरतीच ठेविली. व्यवस्था निर्दोष नाही. पण तिचे दोष उघडकीस येतात व त्यांवर इलाज होतो, हे यातून दिसते.

४. कूटबद्ध जोडणी अनिवार्य कोठे?

जेथे जेथे आपण काही भरतो, तेथे ती अनिवार्य आहे. परवलीचा शब्द, ओटीपी, विद्यार्थ्याची माहिती, बँक खाते, अर्ज, तक्रार, अभिप्राय यांपैकी काहीही ज्या पानावर लिहावयाचे असेल, त्या पानाच्या पत्त्यात 'एस' नसेल, तर ते भरू नये. वरिष्ठांच्या घाईच्या सूचनेनेही या नियमास अपवाद होऊ नये. अडचण लेखी कळवावी.

काही वर्षांपूर्वीपर्यंत पुष्कळ संकेतस्थळांची रीत अशी होती की, परवलीचा शब्द घेण्यापुरते पान कूटबद्ध ठेवावयाचे व पुढील पाने उघडी सोडावयाची. ही काटकसर घातक होती. प्रवेश झाल्यावर संकेतस्थळ आपल्याला एक बिल्ला देते व प्रत्येक पान मागताना तो बिल्ला सोबत जातो. पुढील पाने उघडी असतील, तर बिल्लाही उघडाच जातो. २०१० च्या ऑक्टोबर महिन्यात एरिक बटलर या अमेरिकी तंत्रज्ञाने 'फायरशीप' नावाचे साधन प्रसिद्ध करून दाखविले की, एकाच खुल्या वायफायवर बसलेला कोणीही दुसऱ्याचा बिल्ला टिपून त्याच्या नावाने वावरू शकतो. त्यानंतर मोठ्या संकेतस्थळांनी सगळीच पाने कूटबद्ध केली. बसस्थानक, खानावळ किंवा शिकवणीवर्गाच्या वायफायवरून शाळेचे काम करणाऱ्या शिक्षकाने हे लक्षात ठेवावे.

मग पूर्वी सर्वांनीच कूटबद्ध जोडणी का स्वीकारली नाही? कारणे दोन होती : प्रमाणपत्रास पैसे पडत, आणि सांकेतिक रूपांतराचा संगणकावर भार पडेल अशी भीती होती. २०१० साली गूगलने जीमेलची सर्व ये-जा कूटबद्ध केली, तेव्हा हा भार संगणकाच्या कामाच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याचे त्यांच्या तज्ज्ञांनी सांगितले. २०१५ च्या डिसेंबर महिन्यापासून 'लेट्स एनक्रिप्ट' ही संस्था सर्वांना विनामूल्य प्रमाणपत्रे देऊ लागली. २०१८ च्या जुलैपासून क्रोम ब्राउझर प्रत्येक उघड्या पानास 'सुरक्षित नाही' असा शेरा देतो. म्हणून शाळेचे किंवा केंद्राचे स्वतःचे पान सुरू करावयाचे असेल, तर ते पहिल्या दिवसापासून कूटबद्धच असावे. आता त्यास खर्चाची सबब उरलेली नाही.

५. उघडी जोडणी कोठे चालेल?

नियम सांगताना अपवादही सांगितले पाहिजेत. सकळ लिपीच्या उदाहरणात आपण पाहिले की, कुलपाने वाचकही बाहेर राहू शकतो. एरिक मेयर या अमेरिकी वेबतज्ज्ञाने युगांडाच्या ग्रामीण भागातील अनुभवावरून २०१८ साली हाच मुद्दा मांडला. उपग्रहाच्या महागड्या व मंद जोडणीवर एकदा आणलेले पान स्थानिक संगणकात साठवून सर्व मुलांना देण्याची सोय असे. पाने कूटबद्ध झाल्यावर मधल्या संगणकास ती उघडून साठविता येईनात, आणि प्रत्येक मुलासाठी तेच पान पुन्हा दुरून मागवावे लागू लागले. आपल्या डोंगराळ तालुक्यांतील शिक्षकांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

तिच्यावरील उपाय मात्र संकेतस्थळ उघडे ठेवणे हा नव्हे. धडे एकदाच कूटबद्ध जोडणीने उतरवून घ्यावेत व वर्गात जोडणीशिवाय वापरावेत, हा होय. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा उपयोजनात साहित्य उतरवून ठेवता येते. बालभारतीची पुस्तकेही पीडीएफ रूपात साठविता येतात.

उघडी जोडणी पुढील ठिकाणी चालू शकेल :

(अ) शाळेच्या आवारातील लहान संगणकावर धडे साठविले असून तो बाहेरील जाळ्यास जोडलेला नसेल व त्यावर मुलांची कोणतीही माहिती भरली जात नसेल, तेव्हा.

(आ) संगणक स्वतःशीच बोलत असेल, म्हणजे एखादे पान त्याच यंत्रावर तपासून पाहावयाचे असेल, तेव्हा.

(इ) सार्वजनिक वायफायचे प्रवेशपान आणण्यासाठी कधीकधी उघडे पान मागावे लागते, तेव्हा. परंतु त्या पानावर अन्य ठिकाणचा परवलीचा शब्द लिहू नये.

(ई) फाइलवर निराळी अंकीय सही असून उतरवून घेणारे यंत्र ती स्वतः तपासते, तेव्हा. येथे अखंडतेचे रक्षण सहीने होते. 'डेबियन' या मुक्त संगणकप्रणालीची भांडारे याच तत्त्वावर चालतात.

या चारही ठिकाणी एक समान लक्षण दिसेल : एकतर मजकुरास परकी वाट चालावी लागत नाही, किंवा त्याचा खरेपणा दुसऱ्या मार्गाने पडताळला जातो, किंवा त्यावर आपले काहीच अवलंबून नसते. नवीन प्रसंग आला, तर हीच कसोटी लावावी.

जुन्या यंत्रांविषयी दोन शब्द. संगणकाची आतील लहान बॅटरी संपली की त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि खरा दाखलाही त्यास अजून लागू न झालेला वाटतो. म्हणून इशारा दिसताच प्रथम यंत्राची तारीख तपासावी. दुसरे असे की, यंत्रातील मान्यताप्राप्त संस्थांची यादीही जुनी होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जगभरातील अनेक जुन्या यंत्रांना चांगली संकेतस्थळेही उघडता येईनात. अशा वेळी यंत्र अद्ययावत करावे. इशारा डावलून पुढे जाऊन मुलांची माहिती भरू नये.

६. कूटबद्ध जोडणी काय करीत नाही?

बंद जलवाहिनी वाटेतील घाण थांबविते. उगमच दूषित असेल, तर तिचा इलाज चालत नाही. भामट्याने शिष्यवृत्तीच्या नावाने खोटे संकेतस्थळ काढले, तर त्यासही विनामूल्य प्रमाणपत्र मिळते. तेथे आपली माहिती सुरक्षितपणे थेट भामट्याच्या हाती पोचते. लोक कुलपाच्या चिन्हास प्रामाणिकपणाचे चिन्ह समजू लागले, म्हणूनच क्रोमने २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात ते काढून त्या जागी साधे चिन्ह ठेविले. "कुलूप पाहा" हा जुना धडा यास्तव आता पुरेसा नाही. पत्ता अक्षरशः वाचावा. शासकीय संकेतस्थळाच्या नावाचा शेवट सामान्यतः 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा असतो, हे पाहावे. निरोपातील दुव्यावर न जाता पत्ता स्वतः लिहावा.

तसेच, आपण कोणत्या संकेतस्थळास भेट दिली हे नाव सामान्यतः वाटेतील यंत्रास कळते. आत काय वाचले हे कळत नाही. आणि दोन टोकांना काय घडते यावर जोडणीची सत्ता नाही. परवलीचा शब्द कार्यालयाच्या भिंतीवर चिकटविला, एकाच शब्दावर केंद्रातील दहा शाळांनी काम केले, किंवा आधार क्रमांकांची यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहावर टाकली, तर उत्तमातील उत्तम कूटबद्धताही व्यर्थ ठरते. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संसदेने २०२३ साली संमत केला असून अठरा वर्षांखालील व्यक्ती ही त्याच्या दृष्टीने बालक आहे. मुलाने किंवा त्याच्या अशिक्षित पालकाने आपली माहिती आपल्याकडे विश्वासाने दिलेली असते. ती कोठे जाते हे विचारण्याचे ज्ञान त्यांच्यापाशी नसते. म्हणून तो प्रश्न त्यांच्या वतीने शिक्षकाने विचारावयाचा आहे.

७. शाळेत पाळावयाचे नियम

१. भरावयाच्या प्रत्येक पानाचा पत्ता प्रथम वाचावा. 'एस' नसल्यास काम थांबवावे.
२. इशारा आल्यास यंत्राची तारीख तपासावी. तरीही इशारा राहिल्यास तो डावलू नये.
३. केवळ वाचावयाच्या पानावरही महत्त्वाची तारीख किंवा सूचना उघड्या जोडणीने आली असेल, तर ती दुसऱ्या मार्गाने पडताळावी.
४. दुसऱ्याच्या संगणकावर काम केल्यास बाहेर पडण्याची कळ दाबूनच उठावे.
५. शाळेचे स्वतःचे पान संपूर्ण कूटबद्ध ठेवावे व त्यावर मुलांची व्यक्तिगत माहिती मुळीच ठेवू नये.
६. उतरवून घेता येणारे साहित्य चांगली जोडणी मिळेल तेथे उतरवून वर्गात आणावे.

स्वाध्याय

(केंद्रसंमेलनात चर्चेसाठी)

१. ग्रामपंचायतीच्या पानावर केवळ बाजाराचे दिवस दिले आहेत. ते पान कूटबद्ध असावे काय? गुप्तता, अखंडता व ओळख यांपैकी कोणत्या कारणासाठी?
२. दोन कुलपांच्या प्रयोगात मधल्या मुलाची लबाडी पकडण्यासाठी मुले कोणकोणत्या युक्त्या सुचवितात, त्यांची नोंद करून आणावी.
३. आपल्या शाळेने गेल्या महिन्यात ज्या संकेतस्थळांवर माहिती भरली, त्यांची यादी करून प्रत्येकापुढे पत्त्याचा आरंभ व शेवट लिहावा. शंकास्पद आढळलेली नावे केंद्रप्रमुखांमार्फत विस्तार अधिकाऱ्यांकडे पाठवावीत.